पाचारण दोघांचं

२०१४ सालच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची तीन तासांची उपासना आटोपून आम्ही चिखलीच्या घरी आलो. सकाळपासून उपास होता. मी कुकर लावला तोवर हे पलंगाच्या कडेला बसून होते, बूटही काढले नव्हते. म्हणाले, “अगं, मला नोकरी सोडून पाळक म्हणून पूर्णवेळ सेवेत जायचंय.”

“आधी उपास सोडा,” मी म्हणाले. त्यापुढे त्या रात्री आम्ही दोघंही काही बोललो नाही.

प्रत्यक्ष नोकऱ्या सोडल्या त्या २०१८ च्या मे महिन्यात. मध्ये चार वर्षं गेली. साक्षीच्या सभांमध्ये अशी वर्षं एका वाक्यात उरकली जातात: प्रभूने बोलावलं, आम्ही जाळी टाकून निघालो. मला ती चार वर्षंच सांगायची आहेत, कारण त्यातली जवळजवळ तीन माझ्यासाठी थांबण्यात गेली. ती तशी गेली म्हणूनच आज आम्ही इथे टिकून आहोत, असं मी मनापासून मानते.

हे चाकणच्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला होते. मी २०१० पासून एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. मुलगी तीन वर्षांची होती. फ्लॅटचं कर्ज चालू होतं. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे तरुण संघ बघायचे, मी संडे स्कूल घ्यायचे. आपण सेवा करतोच आहोत की, मग नोकरी सोडायची कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता.

खरा प्रश्न मात्र आजीच्या साड्यांचा होता. माझे आजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात बोधक होते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आलं आणि नगरला १८३१ साली. त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत एकाच खोलीत आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना चालायची. शिकवणारा आणि उपदेश करणारा माणूसही एकच. तो माणूस म्हणजे माझे आजोबा. आजीला कायम दोनच साड्या असायच्या, एक अंगावर आणि एक वाळत. पाहुणे आले की ती भाकरी थापायला बसायची आणि आपण जेवलो आहोत असं सांगायची. वडील शिकले, कारकून झाले. मी अधिकारी झाले. तीन पिढ्या लागल्या होत्या त्या खोलीतून बाहेर यायला, आणि हे मला परत तिकडे चला म्हणत होते.

हे मी यांना बोलून दाखवलं नाही, लिहिलं. यांनी एक दोनशे पानी वही आणली होती. डावं पान यांचं, उजवं माझं. ज्याने त्याने आपापल्या भीती आणि आपापल्या प्रार्थना लिहायच्या, एकमेकांचं वाचायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची उपासना झाली की घरी येऊन उघडायचं. पहिल्या महिन्यात माझ्या पानावर एकच ओळ होती: आजीच्या दोन साड्या. यांच्या पानावर होतं: हिला पाचारण नसेल तर मी जाणार नाही.

ते वाक्य यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि मला एकदाही टोचलं नाही. टोचणारे दुसरे होते. एका उपास-प्रार्थनेला आलेल्या वक्त्यांनी घरी जेवताना मला समजावलं की पतीला पाचारण झालं म्हणजे पत्नीने त्याच्या मागे चालायचं, वेगळ्या पाचारणाची वाट बघणं हा अविश्वास आहे. मी वाढत होते, हात थांबला. हे शांतपणे म्हणाले, “प्रिस्किल्ला आणि अक्विला यांची नावं नव्या करारात सहा वेळा आली आहेत. सहाही वेळा दोघांची बरोबर. आणि त्यातल्या चार वेळा तिचं नाव आधी.” यांनी कधीतरी एकट्याने बसून ते मोजलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती दोघं नवरा-बायको, तंबू शिवणारी माणसं. रोममधून हुसकून लावलेली, करिंथला पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करायचा. त्या दोघांपैकी कोणाला आधी बोलावणं आलं, हे शास्त्र सांगत नाही.

आम्हा नगरच्या माणसांना टिळकही आठवतातच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या पाच वर्षांत काय काय झालं, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे आणि मराठी वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट त्या दिवसांत धरून ठेवावीशी वाटायची: त्या ओढून आणलेल्या नव्हत्या. आल्या त्या आपल्या विचाराने आणि आपल्या पायांनी.

मी कशी आले ते सांगते.

२०१६ च्या पावसाळ्यात आई नगरला दवाखान्यात होती. तेवीस दिवस. मी रजा काढून तिच्याजवळ राहिले. मंडळीतल्या बायका पाळीपाळीने यायच्या, डबा आणायच्या, प्रार्थना करून जायच्या. त्यात एक निवृत्त पाळकीणबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांनी आल्या आल्या आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, “केस कधी धुतलेत हिचे?” दोन आठवडे झाले होते. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा कागद काढला, म्हणजे घरूनच ठरवून आल्या होत्या. तो उशाखाली असा अंथरला की पाणी सरळ खाली बादलीत पडावं. मला म्हणाल्या, “सरक, आणि पाणी किती गरम आहे ते कोपराने बघ.” मग त्यांनी आईचे केस धुतले. घाई नाही की बोलणं नाही, नुसतं एक गीत गुणगुणत. टॉवेलने पुसून दोन वेण्या घातल्या. आईने डोळे मिटले होते. त्या तेवीस दिवसांत आईच्या कपाळावरच्या आठ्या पूर्ण गेलेल्या मी तेवढ्याच वेळी पाहिल्या.

त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, “बाई, आयुष्यभर हेच केलंत. कंटाळा नाही आला?”

“आला ना. पैशांचा आला, बदल्यांचा आला. माणसांचा नाही आला.”

आई ऑक्टोबरमध्ये गेली. माती झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाखेत हजर झाले. समोर कर्जाच्या फायली होत्या, त्यात माझी माणसंही होती, कामात मला रस होता. बँकेचा मला कधीच तिटकारा आला नव्हता आणि आजही नाही. पण त्या बाईंनी बादलीत पाणी पडू द्यायला कागद कसा मुडपला होता, ते मला दिवसभर दिसत राहायचं. मला त्यांचा हेवा वाटत होता. देवाचं बोलावणं हेव्यातून येऊ शकतं असं मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून ओळखायला दोन महिने लागले. सरत्या वर्षाच्या शेवटच्या उपासनेआधी मी उजव्या पानावर लिहिलं, “मलाही हेच काम करायचंय. तुमच्यामागून नाही, बरोबर.” १ जानेवारी २०१७ हा नेमका रविवार होता. यांनी वही उघडली, वाचली, आणि हा माणूस स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभा राहिला.

पुढचं दीड वर्ष पैशाचं. त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण विश्वासाने निघा म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि हिशेब मांडून देणारं कोणी भेटत नाही.

आमचा दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०५,००० रुपये होता आणि कर्ज शिल्लक होतं साडेदहा लाख. आम्ही ठरवलं की जानेवारीपासून २५,००० रुपयांत घर चालवायचं आणि ८०,००० रुपये कर्जात टाकायचे. यात दोन कामं एकदम होत होती. कर्ज फिटत होतं, आणि पाळकाच्या घरात कसं राहावं लागेल याचा सराव होत होता. बाहेरचं जेवण बंद झालं, यांनी कंपनीच्या बसने जायला सुरुवात केली, मुलीची नृत्याची शिकवणी गेली. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मात्र आम्ही पूर्ण पगारावर देत राहिलो आणि तो त्या २५,००० मधूनच जायचा. त्यामुळे घराला उरायचे साडेचौदा हजार. सासऱ्यांकडून गहू-तांदूळ यायचे म्हणून भागलं. मार्च २०१८ मध्ये कर्ज फिटलं. बँकेत बसून मी इतरांना किती वेळा ना हरकत दाखला दिला असेल, स्वतःचा हातात आला तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

राजीनाम्याची कामं दोघांची वेगळी होती. यांची नोकरी बारा वर्षांची. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा सरळ होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. ते अडीच लाखांच्या वर गेले. भविष्य निर्वाह निधीतली पेन्शनची बाजू मात्र दहा वर्षं पूर्ण झाली की काढून घेता येत नाही. स्कीम सर्टिफिकेट घ्यावं लागतं, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी तुटपुंजी का होईना पेन्शन सुरू होते. हे ठाऊक नसल्याने ते सर्टिफिकेट न घेताच निघालेले दोन सेवक मला पुढे भेटले, त्यांचे अर्ज मी भरून दिले. माझं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातं होतं. तेव्हाच्या नियमाने साठीच्या आत बाहेर पडलं तर साठलेल्या रकमेतला मोठा भाग, ८० टक्के, अ‍ॅन्युइटीत, म्हणजे पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, घालावा लागायचा. मी खातं बंदच केलं नाही. वर्षाला किमान हजार रुपये भरून ते जिवंत ठेवलं आहे.

चुकलो ते आरोग्य विम्यात. यांना साखरेचा त्रास होता आणि आम्ही कंपनीच्या सामूहिक विम्यावर निर्धास्त होतो. नोकरी संपली तसं ते संरक्षणही संपलं. नवी पॉलिसी घेतली, पण आधीपासूनच्या आजारासाठी चार वर्षं थांबायची अट होती. दुसऱ्याच वर्षी यांच्या पायाला जखम होऊन ती चिघळली आणि ४८,००० रुपये घरातून गेले. या वाटेवर येऊ पाहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी पहिल्या भेटीतच सांगते: मनात विचार आला त्याच वर्षी स्वतःची पॉलिसी घ्या, नोकरी पुढे सोडा वा न सोडा.

“तू तरी बँक सोडू नकोस,” हे सगळ्यांनी सांगितलं. ते वाईट नव्हतं. कितीतरी पाळकांची घरं बायकोच्या नर्सिंगवर किंवा शाळेच्या नोकरीवर चालतात आणि त्या बायकांच्या कष्टांपुढे मी हात जोडते. तंबू शिवणं हीसुद्धा सेवाच. पण माझी बदलीची नोकरी होती. हे एका गावात आणि मी तिसऱ्याच जिल्ह्यात, असं झालं असतं. आणि मला मुळात ते काम करायचं होतं, त्या कामाला पैसा पुरवायचा नव्हता. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला वडिलांना समजावून सांगता आला नाही. बोधकाचा मुलगा तो, धान्यात मिळणारा पगार पाहिलेला. ते एवढंच म्हणाले, “तुझ्या आजीने मला शाळेत घातलं ते तुला परत तिथे पाठवायला नाही.” सासरे तर बोललेच नाहीत. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा त्यांनी सोलापूरच्या चाळीत पेढे वाटले होते. वर्षभर ते फोनवर फक्त नातीशी बोलायचे.

मग सेवेसाठी निवड करणाऱ्या समितीपुढची मुलाखत. मंडळीच्या पंच कमिटीने शिफारसपत्र दिलं, पाळकसाहेबांनी दिलं, आणि आम्हाला बोलावणं आलं. लांब टेबल, पलीकडे सात जण. यांना पाऊण तास प्रश्न विचारले: बाप्तिस्म्याबद्दल, कर्जाबद्दल, रागाबद्दल, इंजिनिअर असून इथे कशाला म्हणून. चांगले प्रश्न होते. मग एक ज्येष्ठ सदस्य माझ्याकडे वळले आणि विचारलं, “तुमची संमती आहे ना?”

मी म्हणाले, “संमती द्यायला मी आलेले नाही, साहेब. मीही अर्ज घेऊन आलेय. मला विचारा.”

खोली गप्प झाली. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण टेबलाखाली यांचा पाय माझ्या पायाला टेकला. कोपऱ्यात बसलेल्या एका सदस्य बाईंनी फाइल पुढे ओढली आणि म्हणाल्या, “बरं, सांगा. तुमचं पाचारण सांगा.” मी बादली आणि प्लॅस्टिकच्या कागदाचं सांगितलं.

जून २०१८ मध्ये आम्ही पुण्यातल्या एका सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या, कुटुंबांसाठीच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. चिखलीचा फ्लॅट ९,००० रुपये भाड्याने दिला आणि त्यावर फी आणि घर. यांचं बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, चार वर्षांचं. मी घरी बसून सेरामपूरच्या सिनेटचा बहिःस्थ अभ्यासक्रम घेतला, बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज. सेरामपूरचं कॉलेज १८१८ सालचं. पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला, कारण हुगळीकाठचं ते गाव तेव्हा डॅनिश वसाहत होतं. तिथली सनद पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोहोचली होती, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

अडतिसाव्या वर्षी नव्या करारासाठी ग्रीक शिकणं सोपं नाही. पहिलं क्रियापद सगळ्यांचं एकच असतं, सोडणे. लुओ, लुएइस, लुएइ. हे सकाळी दात घासताना म्हणायचे, आणि सात वर्षांची मुलगी ते ऐकून दोरीवरच्या उड्या त्याच तालात मारायची. शेजारी मिझोरामचं एक कुटुंब होतं. त्यांच्या बांबूच्या कोंबांचा वास सुरुवातीला आमच्या घरात सहन होईना. दिवाळीपर्यंत मी तो रस्सा मागून घेऊ लागले आणि त्यांच्याकडे शनिवारी पिठलं जाऊ लागलं.

पण त्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट मला जड गेली. महिनाअखेरीला मोबाइलवर पगाराचा मेसेज यायचा, तो जूनमध्ये आला नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी तीस तारखेला मी दोनदा फोन पाहिला. आठ वर्षं मी स्वतःच्या पैशाने भाजी घेतली होती. आता पैसे एका डब्यात असायचे, दोघांचे, कोणीही घ्यावेत. यांनी कधी हिशेब विचारला नाही. तरी त्या डब्यात हात घालताना मला कोणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटायची. चर्चा झाली, भांडणंही झाली. हे दिवसभर शिकत होते, यांचं क्षितिज वाढत होतं, आणि मी भांडी घासताना यांच्या वहीत डोकावत होते. मी माझ्या अभ्यासाला रोज सकाळी दोन तास ठरवून घेतले आणि त्या दोन तासांत स्वयंपाक यांनी करायचा असं ठरलं तेव्हा कुठे हे निवळलं. ज्यांच्या घरात एकच जण शिकायला जातो, त्या घरातल्या दुसऱ्याकडे मंडळीने लक्ष द्यायला हवं. ते दिलं जात नाही.

मार्च २०२० मध्ये सेमिनरी रिकामी झाली. आम्ही थांबलो. पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, हे आठवड्याला तीन-तीन मातींना जायचे. कबरेपाशी चार माणसं, तीही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, आणि घरचे लोक फाटकाबाहेर फोनवर. प्रार्थना फोनवरच. मी आमच्या जुन्या मंडळीची यादी घेतली आणि रोज दहा घरांना फोन करायला लागले. प्रार्थना करायची, ऐकायचं. हळूहळू लक्षात आलं की बायका आणखी काहीतरी विचारतायत. कागदांचं. नवऱ्याचं खातं, नॉमिनी, एटीएमचा पिन.

एका ताईंनी पासबुकाचे फोटो पाठवले. नवरा रंगारी, वय ४३, एप्रिलमध्ये गेला. मी नोंदी वाचत गेले आणि मे २०२० च्या शेवटाला एक वजावट दिसली: ३३० रुपये. मी उठून उभी राहिले. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. तेव्हा वर्षाला ३३० रुपये, खातेदार कोणत्याही कारणाने गेला तरी दोन लाख, आणि मुदत १ जून ते ३१ मे. त्याने कधीतरी बँकेत एका फॉर्मवर सही केली होती आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं. मी फोनवरून त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं खातं, सगळं. शाखेतल्या मुलाशी मी त्यांच्या वतीने बोलले. पैसे आले. त्यानंतर त्या वर्षी मी दिसेल त्या पासबुकात ३३० आणि १२ हे आकडे शोधत बसायचे. १२ म्हणजे अपघात विम्याचा तेव्हाचा हप्ता. सगळीकडे सापडले नाहीत. सहा घरांत सापडले.

तेव्हा मला कळलं की बँक मी सोडून आले होते, टाकून नव्हते आले.

२०२२ साली यांची डिकन म्हणून, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीवर, दीक्षा झाली आणि आम्हाला नगर जिल्ह्यातलं, गोदाकाठचं एक गाव मिळालं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. ६२ घरांची मंडळी. दगडी चर्च, शेजारी पाळकनिवास, त्याच्या मागच्या खोलीत पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. मानधन एकाचं, तेही कधी महिन्याच्या वीस तारखेला. माझ्या कामाला कागदावर नाव नाही, आणि याबद्दल मी गप्प बसणार नाही. जिथे बोलायचं तिथे लिहून दिलं आहे. मंडळी मात्र दोघांनाही बोलावते. मी मंगळवारी बायकांची घरसभा घेते, गुरुवारी चर्चच्या ओट्यावर कागदपत्रं बघते. त्या दिवशी गावातलं कोणीही येतं, आमच्या मंडळीचं असो वा नसो.

सुगीच्या उपासनेला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. २०२३ साली सासरे पहिल्यांदा आले. मागे खुर्चीत बसून होते. यांनी प्रवचन केलं, मराठीत, कागद न बघता. लिलावात एका भोपळ्याची बोली ६० वर आली होती, तेव्हा मागून सासऱ्यांचा आवाज आला, “पाचशे.” भोपळा त्यांनी स्वतः उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि म्हणाले, “याचे घारगे कर. तुझ्या सासूला यायचे.”

माझे वडील मात्र अजून इथे राहायला आलेले नाहीत. दुपारी येतात, संध्याकाळच्या एसटीने जातात. त्या मागच्या खोलीत ते पाऊल टाकत नाहीत, आणि मी आग्रह करत नाही.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. गावची शाळा तिने मनाने स्वीकारली असं मी म्हणणार नाही. तिला अकरावीला पुण्याला जायचंय. हॉस्टेलचा खर्च मी वहीत मांडत होते तर ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. जुनी वही होती, पहिली पानं आमच्या दोघांची. तिने ती चाळली. आजीच्या साड्यांची ओळ वाचली, यांची ओळ वाचली, माझं १ जानेवारीचं पान वाचलं. मग म्हणाली, “मम्मी, पप्पांनी तुला विचारलं. तू त्या लोकांना म्हणालीस की मला विचारा. मला कोणी विचारलं होतं का?”

मी गप्प झाले. विचारलं नव्हतं. सहा वर्षांची होती, नृत्याची शिकवणी बंद केली तेव्हा दोन दिवस रडली होती, मग दोरीच्या उड्या मारायला लागली आणि आम्ही सुटलो असं समजलो. हे बाहेर ओट्यावर होते, त्यांनाही ऐकू गेलं. आत आले, वही घेतली आणि उलट्या बाजूने उघडली. शेवटून काही पानं कोरी होती. पट्टीने रेघा मारून त्यांनी जोडपानाचे तीन उभे भाग केले आणि मधला तिला दिला.

पहिला रविवार दहा दिवसांवर आहे. वही तिच्या टेबलावर आहे, ती काय लिहितेय ते आम्ही बघितलेलं नाही.